चालती मढी आणि बघणारी माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक पडद्याकडे तोंड करून लिहितात. दिग्दर्शक कोण होता, छायाचित्रण कसं होतं, धंदा किती झाला. आज मला जरा उलटं बसायचं आहे, पडद्याकडे पाठ करून, अंधारातल्या चेहऱ्यांकडे बघत. त्यासाठी मी निवडलेल्या चित्रपटाचं नाव ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडेल. तो भुताखेतांचा आहे, नेमकं सांगायचं तर चालत्या मढ्यांचा. नाव 'डॉन ऑफ द डेड'. इथे 'डॉन' म्हणजे पहाट. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तो पहिल्यांदा पडद्यावर आला त्या १९७८ साली आपल्याकडे 'डॉन' म्हटलं की अमिताभच डोळ्यांपुढे उभा राहायचा.

हा होता उत्तरार्ध. पूर्वार्ध दहा वर्षं आधीचा, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. अमेरिकेतलं पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथे जाहिरातपट करणाऱ्या काही तरुणांनी सव्वा लाख डॉलरहूनही कमी पैशांत तो काढला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो तेव्हा तिशीचाही नव्हता. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचा पाक चालून गेला. कथा एवढीच, की मेलेली माणसं उठून जिवंतांना खाऊ लागतात, आणि शेतातल्या एका घरात सात माणसं अडकतात. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला.

आता चेहऱ्यांकडे वळू. हा चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत वयानुसार प्रमाणपत्र देण्याची नवी पद्धत सुरू व्हायला काही आठवडे बाकी होते. भयपट म्हणजे पोरासोरांचा खेळ, असाच तोवरचा रिवाज होता. सुटीच्या दुपारी आईबाप मुलांना थिएटरच्या दारात सोडून बाजाराला जात. रॉजर इबर्ट हा तेव्हा शिकागोचा तरुण समीक्षक. अशाच एका दुपारच्या खेळाला तो गेला आणि जानेवारी १९६९ मध्ये त्याने जे लिहिलं, ते चित्रपटाचं परीक्षण कमी आणि प्रेक्षकांचा पंचनामा जास्त होता. सुरुवातीला मुलं मजेत किंचाळत होती, भयपटाला जसं किंचाळायचं असतं तशी. मग हळूहळू आवाज बंद झाला. जी माणसं वाचणार असं मुलांनी गृहीत धरलं होतं, ती मरत गेली. एक छोटी मुलगी पडद्यावर स्वतःच्या आईला मारते, तोवर थिएटर अगदी गप्प झालं होतं. इबर्टपासून थोड्या अंतरावर नऊएक वर्षांची एक मुलगी न हलता बसून रडत होती. त्याचा राग चित्रपटावर नव्हता, मुलांना आत सोडणाऱ्या थिएटरवाल्यांवर आणि पालकांवर होता. पुढे 'रीडर्स डायजेस्ट'ने तो लेख छापला आणि घरोघरी पोचवला. चित्रपटाची याहून मोठी जाहिरात पैसे देऊनही झाली नसती.

एका शब्दासाठी थोडं थांबतो. पहिल्या चित्रपटात या मढ्यांना 'झोंबी' म्हटलेलंच नाही. त्यांना 'घूल' म्हटलं आहे, आणि इंग्रजीतला हा शब्द मूळचा अरबी, 'गूल'. उर्दू शायरीत 'गूल-ए-बयाबाँ' येतो. रानात वाटसरूला रूप बदलून भुलवणारं, वाट चुकवणारं ते काहीतरी. कोकणातली माणसं त्याला चकवा म्हणतील. हा अरबी गूल कबरी उकरून प्रेतं खात फिरत नसे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अँत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने अरबी कथांचं भाषांतर केलं, तेव्हा ही खोड त्याला युरोपात चिकटली. भाषांतरात भुतांचीही बदनामी होते! झोंबीची जात वेगळी. तो हैतीचा. ऊसमळ्यांवर गुलाम म्हणून राबवलेल्या लोकांच्या कल्पनेतली ती सगळ्यांत भयंकर गोष्ट होती: मेल्यावरसुद्धा सुटका नाही, मालक कबरीतून उठवून पुन्हा कामाला लावणार. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजा हैतीत होत्या आणि त्याच काळात हा शब्द हॉलिवूडला पोचला. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'त साखर कारखान्यात मुकाट राबणारी मढी आहेत. ऊस आणि साखर यांच्याशी महाराष्ट्राचं नातं काय ते मी सांगायला नको. मराठीत मात्र झोंबी म्हणजे झटापट, कुस्तीतली अंगाला अंग भिडण्याची गोष्ट. आनंद यादवांची 'झोंबी' वाचलेल्या माझ्या पिढीला इंग्रजी झोंबी उच्चारताना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं.

पहिल्या चित्रपटाचा नायक बेन हा कृष्णवर्णीय. ड्वेन जोन्स या नटाने ती भूमिका केली. भूमिका कृष्णवर्णीयासाठी म्हणून लिहिलेली नव्हती, चाचणीत तो सगळ्यांत सरस ठरला म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो सांगत असे. तयार झालेली प्रत गाडीत घालून तो न्यूयॉर्ककडे निघाला असताना रेडिओवर बातमी आली, की मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तारीख ४ एप्रिल १९६८. चित्रपटात बेन रात्रभर मढ्यांशी झुंजून एकटा वाचतो. सकाळी बंदुका आणि कुत्री घेऊन आलेली गोऱ्या माणसांची टोळी त्यालाही मढं समजून गोळी घालते. नंतर स्थिरचित्रं दिसतात: आकडे लावून ओढलेलं त्याचं प्रेत, मग जाळ. त्या वर्षी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकाला हा शेवट कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

पुढची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. वितरकाने ऐनवेळी चित्रपटाचं नाव बदललं आणि नव्या नामपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. चित्रपट गावजेवणासारखा सगळ्यांचा झाला. ज्याला हवा त्याने दाखवला, मध्यरात्रीच्या खेळांत, दूरचित्रवाणीवर, पुढे कॅसेटवर. करणाऱ्यांचं पुष्कळ नुकसान झालं. पण दहा वर्षांनी उत्तरार्ध आला, तेव्हा पूर्वार्ध पाठ असलेला प्रेक्षक त्यामुळेच तयार होता. १९६९ साली दुपारच्या खेळात रडलेली मुलं आता विशीत आली होती आणि तिकीट स्वतःच्या पैशाने काढत होती.

त्यांना मिळालं काय? पहिल्या भागातलं एकही पात्र दुसऱ्यात नाही. काळ्यापांढऱ्याऐवजी भडक रंग. शेतघराऐवजी मॉल. पिट्सबर्गजवळ मन्रोव्हिल इथे १९६९ साली एक मोठा मॉल उघडला होता. १९७७ च्या हिवाळ्यात दुकानं बंद झाल्यावर रात्री चित्रीकरण सुरू होई आणि सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत आवरावं लागे. नाताळची सजावट लागली तेव्हा काही आठवडे काम थांबवावं लागलं. मढ्यांची कामं करणारे बहुतेक आसपासचेच लोक. म्हणजे संध्याकाळी ज्यांनी तिथे खरेदी केली, त्यांतलेच काही रात्री तोंडाला राखाडी रंग फासून त्याच फरशीवरून फरफटत चालत असणार.

चित्रपटात दोन पोलीस, एक हेलिकॉप्टर चालवणारा आणि दूरचित्रवाणी केंद्रात काम करणारी एक तरुणी असे चौघे त्या मॉलमध्ये आसरा घेतात. दारं बंद करतात, आतली मढी मारतात आणि मग सगळा मॉल त्यांचा! कपडे, दागिने, बंदुका, बर्फावर घसरायचं मैदान. बाहेर काचेला तोंडं लावून मढी उभी. ती इथेच का येतात? तर जिवंतपणी इथे येण्याची सवय होती म्हणून. हा विनोद रोमेरोने लपवलेला नाही. मढी सरकत्या जिन्यावर धडपडतात, कारंज्यात पडतात, मागे मॉलमध्ये वाजतं तसलं टुणटुण संगीत. प्रेक्षक हसतात आणि हसताना त्यांच्या लक्षात येतं की आपणही आत्ता अशाच एका मॉलमधल्या थिएटरात बसलो आहोत. अमेरिकेत त्या काळी पुष्कळ थिएटरं मॉलमध्ये गेलेली होती.

मात्र हा विनोद सगळ्या जगाने पाहिला नाही. पैसे उभे करायला इटलीचा दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो याने मदत केली होती आणि बदल्यात इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या प्रतीची कापाकापी त्याच्या हाती होती. त्याने बराच विनोद काढला, वेग वाढवला, 'गॉब्लिन' या वाद्यवृंदाचं दणदणीत संगीत घातलं. सप्टेंबर १९७८ मध्ये इटलीत चित्रपट लागला तो 'झोंबी' या नावाने, अमेरिकेच्या कितीतरी आधी. धंदा असा झाला, की पुढच्याच वर्षी लुचो फुल्ची या दुसऱ्या दिग्दर्शकाचा, रोमेरोशी काडीचा संबंध नसलेला चित्रपट 'झोंबी २' म्हणून बाजारात आला. उत्तरार्धाचा हा परस्पर काढलेला उत्तरार्ध. रोमचा प्रेक्षक धडधडत्या छातीने बाहेर पडला, पिट्सबर्गचा हसत आणि थोडा ओशाळून. चित्रपट एकच, पण कात्री कुणाच्या हातात होती त्यावर प्रेक्षकाचं तोंड ठरलं. कवितेच्या भाषांतराबाबत हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे, पण ते रडगाणं इथे नको.

अमेरिकेत अडचण आली प्रमाणपत्राची. मंडळ 'एक्स' देणार होतं, आणि तोवर 'एक्स' म्हणजे अश्लील चित्रपट अशी समजूत झाली होती. अनेक वर्तमानपत्रं अशा चित्रपटांच्या जाहिराती घेत नसत. रोमेरो कापायला तयार नव्हता. शेवटी प्रमाणपत्राविनाच चित्रपट लावला आणि जाहिरातीत स्वतःच लिहिलं, की यात उघड शृंगार नाही, पण हिंसा धक्कादायक वाटू शकेल, सतरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. १९६८ ची चूक १९७९ मध्ये वितरकानेच सुधारली म्हणायची. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९७९ ला तो लागला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षक जॅनेट मॅस्लिन यांनी छापून सांगितलं, की आपण पंधरा मिनिटांत उठून आलो. इबर्टने मात्र पूर्ण चार तारे दिले. चित्रपट किळसवाणा आहे, क्रूर आहे, हे सगळं मान्य करून त्याचं म्हणणं असं, की कलेने सभ्यच असलं पाहिजे असा नियम कुणी केला? दहा वर्षांपूर्वी रडणाऱ्या मुलीकडे बघून अस्वस्थ झालेला तोच हा माणूस. त्याचं मत पालटलं असं मला वाटत नाही. या वेळी आत मुलं नव्हती, एवढंच.

मॅस्लिनबाईंनी मॉल पाहिलाच नाही, हे मला गमतीचं आणि खेदाचंही वाटतं. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी आहेत. एक, दूरचित्रवाणी केंद्रातला गोंधळ. पडद्यावर सुरक्षित आश्रयस्थानांची यादी सरकते आहे. त्यांतली अनेक बंद पडली आहेत, तिथे जाणारा माणूस मरेल. ती तरुणी यादी काढायला लावते, तर वरिष्ठ ओरडतो की यादी राहू दे, नाहीतर लोक बघणं बंद करतील. आकाशवाणीच्या माईकसमोर बसून हे सांगताना मला माझ्या यजमानांकडे बघावंसं वाटत नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे एका जुन्या, दाट वस्तीच्या इमारतीवरचा पोलिसांचा छापा. राहणारे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे गरीब लोक. सरकारचा हुकूम असा, की मेलेला माणूस ताबडतोब ताब्यात द्यायचा, नष्ट करायला. या लोकांनी दिलेले नाहीत. त्यांनी आपले मेलेले तळघरात ठेवले आहेत, कापडात गुंडाळून. एक पोलीस वंशद्वेषाने पेटून दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतो. एक लंगडा वृद्ध पाद्री येऊन सांगतो, की आम्ही यांचे अंत्यविधी केले आहेत. हे लोक मढी इथे का ठेवतात, असं एक पोलीस विचारतो आणि पीटर नावाचा कृष्णवर्णीय पोलीस उत्तर देतो: मरणालाही मान असतो असं त्यांना अजून वाटतं, म्हणून.

मार्च २०२० च्या अखेरीला मुंबईत एक परिपत्रक निघालं. करोनाने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कुठलाही असो, दहनच होईल. त्याच दिवशी ते बदललं आणि कब्रस्तान पुरेसं मोठं असेल तर दफनाची मुभा मिळाली. प्रशासन घाबरलेलं होतं, सगळेच घाबरलेले होते. मी कुणावर ठपका ठेवत नाही. त्या काही तासांत आमच्या मोहल्ल्यात फोनवरून काय काय बोललं गेलं, ते मात्र माझ्या कानात आहे. म्हातारी माणसं मरणाला घाबरली नव्हती. आपलं तोंड कोण बघणार, आंघोळ कोण घालणार, मातीत ठेवणार की नाही, हे ती विचारत होती. नंतरच्या महिन्यांत सगळ्याच धर्मांच्या घरांनी आपली माणसं प्लॅस्टिकमध्ये बांधलेली, लांबून पाहिली. त्या टाळेबंदीत मी हा चित्रपट पुन्हा लावला. तळघरातल्या त्या कापडांच्या गाठी पाहिल्या आणि थांबवला. पुढचा मॉल मी दुसऱ्या दिवशी पाहिला.

पहिल्यांदा पाहिला होता तो साधारण १९८७ मध्ये, तालुक्याच्या गावी, व्हिडिओ पार्लरमध्ये. पत्र्याची खोली, सतरंजी, दोन रुपये तिकीट. कॅसेट आखाती देशांतून यायच्या, प्रतीची प्रत काढून काढून सगळं हिरवट दिसायचं. भाषा कुणाला कळत नव्हती. इमारतीवरचा छापा चालू असताना लोक अजून बसायला जागा करत होते, विडी पेटवत होते. मढ्यांनी माणसं फाडली तेव्हा दोनचार जणांनी तोंड फिरवलं, बाकीचे खिदळले. रंग इतका लाल होता की तो रक्ताचा वाटेना. खरी शांतता पसरली मॉल दिसल्यावर. हमाल, रिक्षावाले, आम्ही कॉलेजातली पोरं, कुणीच तसलं काही पाहिलेलं नव्हतं. "जिना चालतोय बघ," असं कुणीतरी म्हणालं. आमच्या पेठेतले एक किराणा दुकानदार शेवटच्या ओळीत बसले होते. मढी, रक्त, आतडी यांचं त्यांना काही नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले, "एवढं भरलेलं दुकान अन् गल्ल्यावर माणूस नाही?" पार्लर हसलं. पण पुढे सगळा वेळ ते दुकानच बघत राहिले. मुंबईत ताडदेवला 'क्रॉसरोड्स' मॉल १९९९ मध्ये उघडला. तिथे काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांना पैसे भरून आत जावं लागे, असं वाचलं तेव्हा मला काचेला तोंड लावलेली ती गर्दी आठवली. २०२२ च्या मराठी 'झोंबिवली'तही उंच गृहसंकुल आहे आणि शेजारी वस्ती आहे. फाटक कुणासाठी बंद करायचं, हा प्रश्न डोंबिवलीपर्यंत यायला चाळीसएक वर्षं लागली.

रक्त खोटं वाटण्याबद्दल एक सांगायला हवं. ती सगळी रंगरंगोटी टॉम साविनी याची. पहिल्याच चित्रपटाला तो असणार होता, पण लष्करात गेला आणि व्हिएतनाममध्ये युद्धाचा छायाचित्रकार झाला. खरी फाटलेली शरीरं त्याने कॅमेऱ्यातून पाहिली होती. तो परत आला आणि रबर आणि रंग घेऊन बसला. चित्रपटातलं रक्त मुलांच्या खडूसारखं लाल आहे, चेहरे निळसर राखाडी. रोमेरोला ते चित्रकथेसारखं हवं होतं आणि म्हणून प्रेक्षकाला हसता येतं. शेवटी मोटारसायकलवाल्यांची एक टोळी मॉल लुटायला शिरते आणि मढ्यांच्या तोंडावर क्रीमचे केक फेकते. थिएटरात हशा होतो. दोन मिनिटांत त्याच टोळीतल्या माणसांची आतडी बाहेर येतात आणि आपण ज्या मढ्यांची कीव करू लागलो होतो, ती खात असतात. कुणाच्या बाजूने हसावं हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. भयपटांबद्दल नाक मुरडणाऱ्या माझ्या मित्रांना मी एवढाच भाग बघायला सांगतो.

आणि पीटर वाचतो. मूळ संहितेत तो स्वतःला गोळी घालतो आणि ती तरुणीही जीव देते, असा शेवट होता. रोमेरोने तो बदलला. पीटर बंदूक कपाळाला लावतो आणि मग मढ्यांमधून वाट काढत छपरावर पोचतो. टाळ्या पडाव्यात अशीच ती जागा बांधली आहे, संगीतही एकदम शौर्याचं होतं. हेलिकॉप्टरात इंधन थोडंच असतं. तरी पहाट होत असते. दहा वर्षांपूर्वी बेनला ज्यांनी त्या जाळात पाहिलं होतं, त्यांनी हा दुसरा माणूस उडून जाताना पाहिला. उत्तरार्ध कशासाठी काढावा याचं मला पटलेलं एक कारण हे.

तिसरा भाग १९८५ मध्ये आला, 'डे ऑफ द डेड'. जमिनीखाली, अंधारा, बोलका आणि कडू. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, त्याच उन्हाळ्यात आलेल्या एका विनोदी मढेपटाकडे ते गेले. रोमेरोला स्वतःला हाच भाग सगळ्यांत आवडायचा. तो २०१७ मध्ये वारला.

मन्रोव्हिलच्या मॉलमध्ये बर्फाचं मैदान १९८४ लाच गेलं, तिथे खाण्याची दुकानं झाली. तरी जगभरातून लोक येत राहिले. जिना हाच का, छतातली वाट कुठली, हे शोधत, माना वर करून, सावकाश चालत. २०१८ मध्ये तिथे रोमेरोचा अर्धपुतळा बसवला गेला. २०२५ च्या सुरुवातीला वॉलमार्टने तो मॉल विकत घेतला, पाडून नवं काही उभारायचं म्हणून. ही बातमी आल्यावर लोक पुन्हा तिथे गर्दी करू लागले. त्यांतल्या बहुतेकांना विकत काहीच घ्यायचं नव्हतं.